माणूस असल्याचा पुरावा

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत १८ सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झाली. दरमहा मिळणारे १५०० रुपये चालू राहावेत म्हणून राज्यभरच्या महिलांना आधार क्रमांकासोबत संकेतस्थळावरचा ‘कॅप्चा’ भरावा लागला. वेडीवाकडी रोमन अक्षरे अचूक ओळखायची, मग ओटीपी.

कॅप्चाचा हेतू रास्त आहे. हजारो खोटे अर्ज भरणाऱ्या संगणकीय प्रणालींना दारातच अडवणे, हे त्याचे काम. पण दारात अडकते कोण? शिकलेला माणूस दोनदा चुकला की वैतागतो आणि तिसऱ्यांदा आत जातो. कोंढव्यातली किंवा भवानी पेठेतली उर्दू वा मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली घरकामगार मात्र ओशाळते. आपल्यालाच काही येत नाही, असे तिला वाटते. मग ती शेजारच्या मुलाच्या किंवा सेंटरवाल्याच्या हाती मोबाइल देते. त्यासोबत आधार क्रमांक आणि ओटीपीही जातो. सुरक्षेसाठी घेतलेली परीक्षा तिला अशी असुरक्षित करते.

खासगी संकेतस्थळांवरील चित्रांच्या चाचण्यांत अमेरिकेतल्या रस्त्यांवरचे अग्निशामक नळ ओळखायचे असतात. तसे नळ पुण्याच्या पेठांत दिसत नाहीत. अंध व्यक्तीला तर चित्रच दिसत नाही. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, अशा अनेक चाचण्या यंत्रे माणसांपेक्षा जलद आणि अचूक सोडवतात. म्हणजे ज्याला अडवायचे तो निसटतो आणि जिला आत घ्यायचे ती बाहेर राहते.

अॅसिड हल्ल्यातून बचावलेल्या ज्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, त्यांना ई-केवायसीत ‘जिवंत’ असल्याचे सिद्ध करता येईना. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि उघडझापेला पर्याय देण्याचे निर्देश दिले.

हेच तत्त्व प्रत्येक सरकारी संकेतस्थळाला लागू व्हायला हवे. सूचना मराठीत असाव्यात, ऐकून उत्तर देण्याची सोय असावी आणि वॉर्ड कार्यालयात कागदावर अर्ज घेणारा कर्मचारी असावा. समोर बसलेली बाई माणूस आहे हे त्याला कॅप्चाशिवाय कळते. ज्यांना हे अर्ज सहज भरता येतात, त्यांनीच ही मागणी आधी लावून धरली पाहिजे.