आपलंच गाणं, आपलाच निकाल?

काल पुन्हा एकदा ह्यूमन लीगचा 'डेअर' (१९८१) ऐकला. १९८० मध्ये सिंथेसायझरवाले दोघं बँड सोडून गेले. उरलेल्या फिल ओकीनं शेफील्डच्या एका नाइटक्लबात दिसलेल्या दोन शाळकरी मुली बँडमध्ये घेतल्या! निर्माता मार्टिन रशेंटनं लिन ड्रम मशीनवर ताल बसवला.

'डोन्ट यू वाँट मी' मात्र ओकीला इतकं फालतू वाटलं, की ते अल्बमच्या पार शेवटी टाकलं. सिंगल काढायलाही त्याचा विरोध. व्हर्जिन कंपनीनं ऐकलं नाही. गाणं ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरवर!

कंपनीनं कलाकाराच्या मध्ये पडू नये म्हणतात. मला नाही पटत. स्वतःच्या कोडचं टेस्टिंग स्वतःच करणारा मी कितीदा तरी तोंडावर आपटलोय. गाण्याचंही तेच. कुणीतरी परका कान हवाच. असो.