फेड

गेल्या महिन्यांत ओळखीच्या तीन घरांतून आम्हांस एकच प्रश्न आला : मुलांचे केस यंत्रानें घरच्या घरीं कापावे कीं नाहीं? विचारणाऱ्या तिघीहि जाणत्या गृहिणी. यंत्र तिघींच्याहि कपाटांत पडून आहे, आणि मुलें नव्या धाटणीसाठीं हट्ट धरून बसलीं आहेत. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस थोडा महाग पडलेला आहे. ती हकीकत आधीं सांगतों.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि केशकर्तनाचीं दुकानें जूनच्या शेवटापर्यंत मिटलीं. पनवेलीस आमच्या घरांत लहानथोर पांच पुरुष. वैशाखाच्या घामांत पांचहि डोकीं संगीत नाटकांतील ऋषींसारखीं दिसूं लागलीं. अखेर चिरंजीवांनीं कोठून तरी एक यंत्र पैदा केलें. नातवास तेव्हां सोळावें लागलें होतें. त्यानें भ्रमणध्वनीवरील एक चित्र आमच्यापुढें धरून म्हटलें, "आजोबा, मला फेड पाहिजे." आम्हीं ऋणाची फेड ऐकली होती, नवसाची ऐकली होती, तेव्हां मुलानें कोणाकडून उसने पैसे घेतले कीं काय, अशी प्रथम शंका आली. त्याची फेड निराळी होती. मानेपाशीं केस जवळजवळ नाहींसे, आणि तेथून वर चढत चढत ते असे दाट व्हावयाचे, कीं फिकट कोठें संपलें व काळें कोठें सुरू झालें हें डोळ्यांस कळूं नये.

मुलांच्या डोक्यांत कांहीं घालण्याचा उद्योग आम्हीं जन्मभर केला. डोक्यावरचें काढणें त्याहून अवघड नसेल, असें आम्हांस वाटलें. शिवाय शास्त्राचा आधार होता. आश्वलायन गृह्यसूत्रांत चौलसंस्कार सांगितला आहे, त्यांत मुलाचे पहिले केस बापच कापतो. आधीं ऊन व थंड पाणी एकत्र करून डोकें भिजवावयाचें, दर्भ धरावयाचे, आणि शस्त्रानें बालकास इजा करूं नये अशी त्या शस्त्राचीच प्रार्थना करावयाची. मग बाप बाजूस होतो आणि उरलेलें काम, तेंहि कोमट पाण्यानें व इजा न करितां, पुरें करण्यास नापितास सांगतो. यांतील पहिला भाग आम्हांस आठवला. दुसरा आम्ही सोयीस्करपणें विसरलों.

आतां यंत्राविषयीं. त्यास दांत्यांचीं दोन पातीं असतात. एक स्थिर, दुसरें वेगानें डावें-उजवें सरकणारें. दांत्यांत शिरलेला केस कात्रींत सांपडावा तसा कापला जातो. पात्यावर कंगव्यासारखें टोपण बसवितात व त्यावर अंक असतो. हा अंक म्हणजे इंचाचे अष्टमांश. १ क्रमांकाचें टोपण सुमारें ३ मिलिमीटर केस ठेवतें, २ क्रमांकाचें ६, ३ क्रमांकाचें साडेनऊ, ४ क्रमांकाचें सुमारें १३. कांहीं यंत्रांवर मिलिमीटरच लिहिलेले असतात. म्हणून आंकडा कशाचा, तें आधीं पाहावें. टोपणावांचून यंत्र फिरविलें तर केस जवळजवळ मुळाशीं जातात. केस कोरडे असावे. पात्यांस तेलाचा एक थेंब द्यावा, आणि एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्याकडे जाण्यापूर्वीं पातीं साफ करून निर्जंतुक करावीं. गजकर्णासारखे विकार याच वाटेनें घरभर होतात.

क्रम असा. प्रथम ४ क्रमांक लावून मानेपासून वर जावें, केस वाढतात त्याच्या उलट दिशेनें. आणि डोकें जेथें आंत वळूं लागतें तेथें यंत्र हलकेंच बाहेर काढून घ्यावें. त्याच्या खालच्या पट्ट्यावर ३, त्याहि खालीं २, आणि १ क्रमांक केवळ मानेच्या कडेशीं. कानाची पाळी हातानें खालीं दुमडावी. भोंवऱ्यापाशीं केसांची दिशा चक्रासारखी फिरते, तेथें यंत्रहि तसेंच फिरवावें. माथ्यावरचे केस कंगव्यानें उचलून कात्रीनें थोडे थोडे कापावे. मोठ्या अंकाकडून लहान अंकाकडे यावें. उलट कधींहि जाऊं नये.

आम्हीं नेमकें उलट केलें. मास्तर मनुष्य एकपासून आरंभ करणार! १ क्रमांक लावला, नातवाची मान दाबून धरली, आणि कानामागून यंत्र सरळ वर नेलें. डोक्याच्या मागें एक उंचवटा असतो व त्याखालीं खळगा, हें आम्हांस इतक्या वयांत ठाऊक नव्हतें. उंचवट्यावर कातडी दिसूं लागली, खळग्यांत केसांचें बेट राहिलें. तें सारखें करण्याच्या नादांत दुसरी बाजू गेली, आणि अखेर फिकट व काळें यांच्यामध्यें चांगली पायरी उभी राहिली. केस महिन्यास सुमारें एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे १ क्रमांकावरून ४ क्रमांकावर येण्यास तीन-चार आठवडे. नातू घरांतहि टोपी घालून वावरूं लागला. बोलला मात्र एक शब्द नाहीं.

२८ जूनपासून शासनानें केस कापण्यास परवानगी दिली. दाढीस तेव्हां मनाई होती. जुन्या गांवांतील आमच्या नेहमींच्या दुकानीं आम्ही नातवास घेऊन गेलों. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी. त्यानें टोपी काढली, दोन बोटांनीं डोकें उजेडाकडे वळविलें आणि म्हणाला, "सर, हें कोणी केलें तें विचारीत नाहीं."

त्या खुर्चीवर आम्ही वर्षानुवर्षें डोळे मिटून बसत आलों. त्या दिवशीं प्रथमच मागें उभे राहून त्याचे हात पाहिले. आम्हीं मान दाबली होती. तो ती नुसती सुचवीत होता, आणि मूल आपण होऊन मान वळवीत होतें. अर्ध्या तासांत पायरी दिसेनाशी झाली. तें पाहतांना आम्हांस आमचेंच एक जुनें वाक्य ऐकूं येऊं लागलें : "अभ्यास केला नाहींस तर हजामती करीत बसशील!" वर्गांत हें आम्हीं किती वेळां म्हटलें असेल, त्याची गणती नाहीं. हा मुलगा तेव्हां तिसऱ्या बाकावर बसे, आणि त्याचे वडील धोकटी घेऊन पनवेलींत घरोघर हिंडत. वाक्यावर वर्ग हंसे, हाहि हंसे.

आम्हीं विचारलें, "माझें तें वाक्य तुला आठवतें का रे?"

यंत्र न थांबवितां तो म्हणाला, "आठवतें, सर. तुम्हीं म्हटलें तसेंच झालें. पण तुम्हांला वाटलें होतें तितकें वाईट नाहीं झालें." थोड्या वेळानें पुन्हा म्हणाला, "हे तीन महिने मात्र वाईट गेले."

त्या तीन महिन्यांत आम्हांस आमच्या पांच डोक्यांची तेवढी काळजी पडली होती. त्याच्या घरीं काय शिजत असेल, हा विचार एकदांहि मनांत आला नव्हता. आणि दुकान उघडलें न उघडलें तोंच जुलैंत पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींत पुन्हा टाळेबंदी झाली व तें पुन्हा मिटलें.

आमच्या लहानपणीं केस कापणारे घरीं येत. पडवीच्या आंत त्यांस जागा नव्हती, आणि केस कापून झाल्यावर अंघोळ केल्यावांचून आम्हांस कशास शिवूं देत नसत. कापलेले केस टोंचतात, अंघोळ ठीकच. पण त्या अंघोळींत केसांपेक्षां माणसाचा विटाळ अधिक मानला जाई, हें खोटें नाहीं. याच व्यवसायाच्या लोकांनीं १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें विधवांचें केशवपन करण्यास नकार दिला, हें आमच्या घरांतून फारसें सांगितलें जात नाहीं. आमच्यांतील थोडे सुधारक त्या चालीविरुद्ध लिहीत होते. बहुतेक घरें गप्प होतीं. चाल आमची, पैसेहि आमचे. वस्तरा त्यांच्या हातीं होता आणि तो त्यांनीं खालीं ठेवला. शस्त्रानें इजा करूं नये ही सूत्रांतील प्रार्थना आम्हीं पाठ केली. तिचा अर्थ त्यांनीं ओळखला.

आतां प्रश्नाचें उत्तर. लहान मुलाचे केस उन्हाळ्यांत सरसकट बारीक करावयाचे असतील, किंवा घरांत अंथरुणास खिळलेलें वृद्ध माणूस असेल, तर यंत्र अवश्य वापरावें. ४ क्रमांकापासून आरंभ करावा, मान दाबूं नये, आणि समोरचा 'पुरें' म्हणाला कीं थांबावें. पण फेड हवी असेल तर मुलास जाणत्याच्या खुर्चीवर बसवावें, सांगितलेले पैसे घासाघीस न करितां द्यावे, आणि त्या माणसास अहोजाहो करण्यास मुलास शिकवावें.

त्या दिवशीं निघतांना आम्हीं आमच्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. त्यानें नातवाच्या मानेवरचे केस झटकले, खुर्ची पुसली आणि म्हणाला, "सर, आतां तुम्ही बसा. तुमचेहि फार वाढले आहेत." आम्ही बसलों. एका क्षमेनें अशा ऋणाची फेड होत नाहीं हें आम्ही जाणतों. म्हणून हें इतकें लिहिलें.