डोळ्यात राहून गेलेले लोखंड



जात्याला टाकी लावताना, छिन्नीने दगड फोडताना डोळ्यात कण उडाल्याचे आपल्या पेठ तालुक्यातील रुग्ण सांगतात, तेव्हा पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "पाण्याने डोळा धुतला, आता काही त्रास नाही." मला काळजी वाटते ती याच वाक्याची.

हातोडा छिन्नीवर बसला की कधी लोखंडाचा बारीक तुकडा अतिवेगाने उडतो आणि बुबुळावरील पारदर्शक पडदा भेदून डोळ्याच्या आत शिरतो. जखम इतकी लहान असते की ती आपोआप मिटते. वेदना शमते, दिसतही राहते. आत मात्र लोखंड हळूहळू विरघळते आणि दृष्टिपटलाच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींत साचून त्यांना निकामी करते. या विकारास 'सिडेरोसिस' म्हणतात. प्रथम रात्री कमी दिसू लागते, मग कडेचे दिसेनासे होते. त्या डोळ्याचे बुबुळ तांबूस होते, बाहुली मोठी राहते, मोतीबिंदू होतो. हे सारे काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीही घडते. तोवर तो आघात विस्मरणात गेलेला असतो आणि दोष वयाच्या माथी बसतो.

दृष्टिपटलाचे कार्य कितपत शाबूत आहे, हे 'ईआरजी' तपासणीत विद्युत्-लहरींवरून कळते. तुकडा वेळीच काढला तर ते सुधारू शकते. फार उशीर झाल्यास गेलेली दृष्टी सहसा परतत नाही.

म्हणून घरातील ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून पाहण्यास सांगा. एकाच डोळ्याने सायंकाळी अंधूक दिसत असेल, तर जुन्या माराची आठवण काढा व नेत्रतज्ज्ञांना ती अवश्य सांगा. तुकड्याचा शोध एक्स-रे वा सीटी स्कॅनने घेतात. एमआरआय मात्र टाळावा. त्यातील चुंबकाने लोखंड आतच सरकून इजा होते.

ताजी इजा असेल, तर डोळा चोळू नका, दाबू नका, मध वा तेल घालू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी कागदी पेल्याची झाकणी बसवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारा आणि त्याच दिवशी सावळघाट ओलांडून नाशिकचे नेत्ररुग्णालय गाठा.

दुखत नाही, म्हणून डोळा सुखरूप आहे, असे कृपया मानू नका.