चाक सरकते, मग ब्रेक का सरकू नये?

नवी सायकल घ्यावयास गेलो म्हणजे आपण तिचा रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, ब्रेक दाबून पाहतो. परंतु मागच्या चाकाचा आस फ्रेममध्ये ज्या खाचेत बसतो, त्या खाचेकडे कोणी पाहतो काय? मीही पाहिले नव्हते. गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने मला ती पाहावयास लावली. त्या खाचेविषयी माझे मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझी सायकल एकाच गतीची, म्हणजे गिअर नसलेली आहे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. साखळी सैल होऊन वारंवार उतरू लागली, तेव्हा मी ती दुरुस्तीस नेली. काकांनी नट सैल केले, चाक मागे ओढले, साखळी ताणली आणि नट पुन्हा आवळले. मी आनंदाने निघालो. पण पहिल्याच उतारावर मागचा ब्रेक दाबताच कर्कश आवाज झाला आणि सायकल काही थांबेना. पुढच्या ब्रेकने कसाबसा सावरलो. परत जाऊन तक्रार केली, तेव्हा काका चाकाशी वाकून पाहत म्हणाले, “बाळा, चाक मागं गेलं, ब्रेक हाय तिथंच हाय की!”

या एका वाक्यात साऱ्या दोषाचे मूळ आले आहे. गिअरच्या सायकलीत सैल साखळी ताणून धरणारी स्प्रिंगची योजना असते. एका गतीच्या सायकलीत ती नसते. साखळी वापराने लांबते असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, तर सांध्यांतील खिळे व बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी झीज मिळून साखळी सैल होते. हा सैलपणा काढण्यासाठी चाक मागे सरकवावे लागते, आणि म्हणून खाच आडवी व लांबट ठेवतात. साखळीच्या कड्यांचे अंतर अर्धा इंच असते. साखळी साधारणतः दोन कड्यांनी, म्हणजे एक इंचाने कमी करता येते. ती वरून व खालून अशी दोनदा धावत असल्याने आसाला मागेपुढे सुमारे अर्धा इंच जागा मिळाली पाहिजे.

जुन्या काळी हे सुखाने चालत असे. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे बुश-रोलर साखळी सिद्ध केली आणि १८८५ साली कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल अवतरली. त्या घराण्यातील सायकलींचे ब्रेक रिमवर दाबत. चाक थोडे सरकले, तर ब्रेकचे रबर थोडे हलवून घेतले की काम भागे. डिस्क ब्रेकचा वंश निराळा. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचे पेटंट १९०२ साली घेतले, ते मोटारगाडीसाठी. सायकलीवर आज सामान्यतः १६० मिलिमीटर व्यासाची चकती असते. तिची जाडी दोन मिलिमीटरही नसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पॅडांपासूनचे अंतर मिलिमीटरहूनही कमी. तेथे चाक एक सेंटिमीटर मागे गेले, तर पॅड चकतीच्या योग्य पट्ट्यावर बसत नाहीत किंवा चकतीची कड ब्रेकलाच घासते. आस किंचित तिरका आवळला गेला तरी चकती एका पॅडला घासत राहते.

या दोषावर उपाय नाहीत असे नाही. एक उपाय असा की आस व ब्रेक दोन्ही एकाच सरकत्या पट्टीवर बसवावेत. चाक मागे गेले की ब्रेकही तेवढाच मागे जातो. कॅलिफोर्नियातील पॅरागॉन मशीन वर्क्स ही संस्था फ्रेम बनविणाऱ्या कारागिरांना असे भाग पुरविते. दुसरा उपाय असा की मागचे चाक अचल ठेवावे आणि पायडलांचा आस एका गोल कवचात मध्यापासून थोडा बाजूला बसवून, ते कवच फिरवून साखळी ताणावी. मला पहिला उपाय अधिक मानवतो. चाकाची खाच उभी राहते, पंक्चर काढताना साखळीचा ताण बिघडत नाही, आणि पुढे गिअर बसवावासा वाटला तर तशी पट्टी लावून तीच फ्रेम कामास येते.

यावर कोणी म्हणेल की असे भाग महाग पडतात, वजन वाढते, विद्यार्थ्याच्या सायकलीला एवढा थाट कशाला? आक्षेप रास्त आहे. पण मग डिस्क ब्रेकचा थाट तरी कशाला? आमच्या बेळगावच्या पावसात व तांबड्या चिखलात रिम माखून जाते आणि चकती उंचावर, त्यामानाने स्वच्छ राहते, हा तिचा गुण मी नाकारीत नाही. परंतु तो गुण साखळी ताणण्याच्या पहिल्याच दिवशी हरपत असेल, तर ती चकती केवळ शोभेची ठरते. कारखानदाराने एकतर आस व ब्रेक एकत्र सरकतील अशी फ्रेम द्यावी, नाहीतर रिमचा चांगला ब्रेक देऊन तेवढी किंमत कमी करावी. आडव्या खाचेला अचल डिस्क ब्रेक जोडून तो आधुनिकपणा म्हणून विकू नये.

तोपर्यंत आपल्या हाती एवढेच आहे: साखळी ताणून घेतली की दुकानातच मागचे चाक उचलून फिरवावे, चकती कोठे घासते का ते पाहावे, ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहावी आणि मगच उताराला लागावे. आणि नवी सायकल घेताना विक्रेत्याला विचारावे, “चाक मागे घेतले तर ब्रेक कोठे जाईल?” हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, तर तो आज ना उद्या कारखान्यापर्यंत पोहोचेल.