विश्लेषण : संगणकाला ‘जवळपास बरोबर’ उत्तर का चालते?

मोबाइलवरील छायाचित्रातला माणूस, झाड आणि आकाश वेगळे करायचे, तर संगणकाला प्रत्येक पिक्सेलवर या तिन्हींपैकी एक शिक्का मारावा लागतो. काम सोपे वाटते. पण अवघ्या 100 पिक्सेलच्या चित्रातही शक्य मांडण्यांची संख्या 48 अंकी होते. सगळ्या तपासून पाहणे अशक्यच.

गणित कसे मांडतात?

प्रत्येक शिक्क्याची ‘किंमत’ ठरवतात. निळ्या पिक्सेलला आकाश म्हणणे स्वस्त, झाड म्हणणे महाग. शिवाय दोन शेजारी पिक्सेलवर वेगळे शिक्के पडले की दंड, कारण एकाच वस्तूचे पिक्सेल सहसा लागून असतात. पिक्सेल आणि जोड्यांचे हे जाळे म्हणजे ‘ग्राफिकल मॉडेल’. जोडीवरचा दंड ठरवणारे सूत्र म्हणजे ‘पेअरवाइज पोटेन्शियल’. एकूण किंमत सर्वात कमी असलेली मांडणी शोधायची असते.

अडचण कुठे?

माणूस आणि पार्श्वभूमी असे दोनच शिक्के असतील, तर अचूक उत्तर काढता येते, हे संख्याशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवले. शिक्के तीन झाले, की प्रत्येक वेळी झटपट अचूक उत्तर देणारी पद्धत अद्याप कोणाकडेही नाही.

तोडगा काय?

युरी बॉयकॉव्ह, ओल्गा वेक्स्लर आणि रामिन झबीह यांच्या 2001 च्या शोधनिबंधातील ‘अल्फा एक्स्पान्शन’ पद्धत एका वेळी एकच शिक्का घेते. प्रत्येक पिक्सेलपुढे दोनच पर्याय : आहे तो शिक्का ठेवायचा की हा नवा घ्यायचा. एवढा प्रश्न अचूक सुटतो. मग पुढचा शिक्का. किंमत घटेनाशी झाली की थांबायचे. वेगळेपणाचा दंड सर्व शिक्क्यांना सारखाच असेल, तर हाती आलेली किंमत सर्वोत्तम किमतीच्या दुपटीपलीकडे जात नाही, हे सिद्ध झाले आहे.

मग शंका कसली?

ही हमी किमतीची आहे, सत्याची नव्हे. दोन छायाचित्रांवरून वस्तूंचे अंतर ओळखण्याच्या चाचण्यांत, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार, खऱ्या उत्तराचीच किंमत संगणकाच्या उत्तरापेक्षा जास्त भरली. म्हणजे चूक शोधण्यात नव्हती, सूत्रात होती. सीटी स्कॅनमध्ये यकृताची कड आखतानाही हेच गणित वापरले जाते. तिथे ‘उत्तर किती जवळचे?’ एवढे विचारून भागत नाही. ‘दंड कोणी आणि कशावरून ठरवला?’ हेही विचारायलाच हवे.