कॅसवेलची कोठारं पडण्याआधी नोंदवू या

रॅले, कॅरी, डरहॅममधल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती.

आपल्या उत्तरेला, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून कॅसवेल काउंटी आहे. १७७७ साली स्थापन झालेला हा सगळा शेतीचा मुलूख. १८३९ मध्ये तिथल्या स्लेड यांच्या शेतावर स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाने लोहारकामाचा कोळसा तंबाखू वाळवायच्या भट्टीत टाकला आणि तंबाखूचं पान सोन्यासारखं पिवळं उतरलं, असं सांगतात. त्या पिवळ्या पानाला चढा भाव आला, त्यातून मळेवाल्यांची टोलेजंग घरं उठली. भाव स्टीफनच्या हाताला आला नाही.

त्या घरांतल्या शेकोट्यांच्या चौकटी आणि जिन्यांचे नक्षीदार खांब पाहा. त्यांतले कित्येक टॉमस डे या स्वतंत्र कृष्णवर्णीय सुताराच्या कारखान्यातले आहेत. त्याची बायको व्हर्जिनियाची. बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायला तेव्हा कायद्याने बंदी होती. १८३० मध्ये कॅसवेलमधल्या मिल्टन गावच्या गोऱ्या रहिवाशांनी विधिमंडळाकडे अर्ज केला, तेव्हा कुठे तिला नवऱ्याजवळ राहता आलं. मिल्टनमधली ‘युनियन टॅव्हर्न’ ही इमारत त्याने १८४८ मध्ये विकत घेतली. १९८९ च्या आगीत ती आतून जळाली, पण लोकांनी पुन्हा उभी केली.

तिला वाली मिळाला. ओंडक्यांची तंबाखूची कोठारं, गुलामांच्या खोल्या, वाट्याने शेती करणाऱ्यांची दोन खणी घरं यांना कोण आहे? वारस शहरात, शेत पडीक. छताचा पत्रा उचकटला की पाणी थेट ओंडक्यांत मुरतं, बुडाचा ओंडका कुजतो आणि भिंत बसते. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलं म्हणजे घर वाचलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने ते पाडायला निघाला, तर ती नोंद त्याला अडवत नाही.

म्हणून या हिवाळ्यातच चला. पानं गळाली की एरवी झाडीत दडलेली कोठारं रस्त्यावरून दिसू लागतात. मालकाला विचारल्याशिवाय आवारात पाऊल टाकू नका, मोडक्या छताखाली तर मुळीच जाऊ नका. चारी बाजूंनी फोटो काढा, रस्त्याचं नाव आणि तारीख लिहा. शेजारी कुणी वयस्कर भेटले तर इथे कोण राहायचं, भट्टी कोण पेटवायचं, रात्रभर जागं कोण राहायचं, हे विचारा आणि त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. काळ्या कुटुंबांकडे आवर्जून जा. त्यांच्या आठवणी कागदावर फार कमी उतरल्या आहेत. राज्याचं ऐतिहासिक वास्तू जतन कार्यालय रॅलेतच आहे, तिथे काउंटीवार नोंदी ठेवलेल्या असतात. तुमचे फोटो तिथे नेऊन द्या.

आणि तुमच्यापैकी कुणी तिकडे जमीन घेत असाल, तर बुलडोझर बोलावण्याआधी त्या कार्यालयाला एक फोन करा. ताडपत्री टाकून छप्पर झाकलं, तरी कोठाराला आणखी काही वर्षं मिळतात.