अठ्ठाविसावी शैलजा

हिवाळी ऑलिंपिकचे नाव काढले की आमच्या कळंबची माणसे मोठ्या सौजन्याने हसतात. त्यांचा दोष नाही. मांजरेच्या काठचे हे गाव. इथे पावसाचाच भरवसा नाही, तिथे हिमाचा कोणी धरावा? आभाळातून पडणारे बर्फ आम्हांला ठाऊक आहे ते गारांच्या रूपाने, आणि गारा पडू लागल्या की कोणाला खेळ सुचत नाही. रानातला हरभरा आणि झाडावरचा मोहोर आठवतो. एरवी आमची बर्फाशी सलगी येरमाळ्याच्या यात्रेतल्या रंगीत गोळ्यापुरती, आणि घसरण्याची विद्या मुलांच्या घसरगुंडीपाशी संपलेली. असे असूनही यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे मी बर्फावरच्या एका शर्यतीचीच हकीगत ठेवणार आहे. त्याला कारण त्या शर्यतीतले एक नाव : शैलजा.

शैलजा म्हणजे पर्वताची लेक, पार्वती. हरितालिकेला आपल्या घरोघरच्या बायका वाळूची पिंड करून जिची पूजा मांडतात ती. हिमालय हे तिचे माहेर. म्हणजे बर्फ हे तिचे अंगणच म्हणायचे! पण हिमालयाच्या या देशातली एक मुलगी हिवाळी ऑलिंपिकच्या बर्फावर उतरायला १९८८ साल उजाडावे लागले. हे सामने १९२४ पासून भरत आहेत. १९८८ च्या फेब्रुवारीत ते कॅनडातल्या कॅल्गरी शहरी भरले. भारताचे खेळाडू अवघे तीन, आणि त्यांत बाई एकच. तिचे नाव शैलजा कुमार. नाव ठेवणाऱ्यांना पुढचे काय दिसले होते देव जाणे!

तिची शर्यत होती स्लॅलमची. हा शब्द मूळचा नॉर्वेचा. उतारावरचा माग, असा काहीसा त्याचा अर्थ. बर्फाच्या उतारावर लाल आणि निळ्या काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक दार. पायांना लांब, अरुंद स्की बांधून वरून सुटायचे आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत अशी पन्नासेक दारे ओलांडीत तळाशी यायचे. दोन्ही पाय प्रत्येक दारातून गेले पाहिजेत. एक जरी दार हुकले तरी खेळाडू बाद. मग ती कितीही वेगाने खाली येवो. बरे, एवढ्याने सुटका नाही. दारांची मांडणी बदलून दुसरी फेरी घ्यायची, आणि दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून निकाल लावायचा. ही बेरीज सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात.

या खेळाची एक खोच मला फार विचार करायला लावते. पहिल्या फेरीत नामांकित खेळाडू आधी सुटतात. त्यांना बर्फ कोरे, सपाट मिळते. त्यांच्या वळणांनी बर्फ खरवडले जाते आणि प्रत्येक दारापाशी चर पडत जातात. पावसाळ्यात आपल्या गाडीवाटेला चाकोरी पडते, अगदी तशी. ज्यांचे नाव क्रमवारीत खाली किंवा मुळीच नाही, त्या सर्वांत शेवटी सुटतात. म्हणजे जिचा सराव कमी, तिच्याच वाट्याला उखडलेली वाट! खेळात हा अन्याय आहे असे कोणी म्हणत नाही. तो नियम आहे.

ती शर्यत जिंकली स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरने. एल्म नावाच्या डोंगरी खेड्यातली, जोडे शिवणाऱ्याची ही मुलगी. तिने दुसऱ्या आलेल्या युगोस्लाव्हियाच्या मातेया स्वेतला १.६८ सेकंदांनी मागे टाकले. जिथे शंभराव्या भागावर पदके हातची जातात, तिथे हे अंतर म्हणजे एक कोसच. त्याच सामन्यांत जायंट स्लॅलमचे सुवर्णपदकही व्रेनीनेच नेले.

आणि आपली शैलजा? ती अठ्ठाविसावी आली. निकालाच्या यादीत तिच्या खाली कोणी नव्हते.

इथे आपण मराठी माणसे लगेच म्हणणार, "म्हणजे शेवटून पहिली!" आपल्या घरांत ही थट्टा पिढीजात आहे. सहामाहीचा निकाल हाती आला की मुलाला काय समजले हे कोणी विचारीत नाही, "कितवा आलास?" एवढाच प्रश्न. पण स्लॅलमची यादी जरा निरखून वाचावी लागते. त्या दिवशी सुटलेल्या पुष्कळ जणी, बर्फातच वाढलेल्या देशांच्या मुलींसुद्धा, घसरून किंवा दार हुकून बाद झाल्या. त्यांना क्रमांकच नाही. अठ्ठाविसावी याचा अर्थ दोन्ही फेऱ्यांतली सगळी दारे ओलांडून तळापर्यंत पोचलेली.

हे मला महत्त्वाचे वाटते, कारण मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि माझ्यापुढेही एक हजेरीची यादी असते. बी.ए.च्या पहिल्या वर्षात खेड्यापाड्यांहून एस.टी.ने येणाऱ्या मुलींची नावे त्या यादीत भरपूर असतात. कित्येकींच्या घरात महाविद्यालयाचे तोंड पाहणारी पहिलीच व्यक्ती ती. वाट आधीच उखडलेली, पण त्या नेटाने वळणे घेत येतात. मग दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते, आणि नव्या सत्रात हजेरी घेताना काही नावांपाशी उत्तर येत नाही. मैत्रिणी हसून सांगतात, "सर, तिचं लग्न ठरलं." आनंदाचीच बातमी! पण तिसऱ्या वर्षापर्यंत यादी निम्मीशिम्मी होते. त्या मुली नापास झालेल्या नसतात. त्यांना क्रमांकच मिळालेला नसतो.

शैलजानंतर हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की करणारी दुसरी भारतीय स्त्री दिसली ती अठरा वर्षांनी, २००६ साली इटलीतल्या तुरीनला. दिल्लीची नेहा आहुजा. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मनालीजवळच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तेही स्लॅलममध्येच. स्कीच्या खेळातले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्या पदकाच्या तीस वर्षे आधी याच खेळात एक नाव यादीच्या अगदी तळाशी का होईना, छापले गेले होते. यादीत पहिल्यांदा नाव लागल्यावाचून वरच्या जागांचा हिशेब सुरू होत नाही.

येत्या आठवड्यांत वाचकांपैकी कित्येकांच्या घरी पत्रिका जुळतील, याद्या होतील, कार्यालये ठरतील. मुलीच्या हाती तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाची पुस्तके असतील, तर मुहूर्त परीक्षेनंतरचा काढावा. भटजी अडवणार नाहीत. उन्हाळ्यातही मुहूर्त पुष्कळ असतात. तिला पहिला वर्ग मिळेल की तिसरा, ते निकालाच्या दिवशी पाहू. राहिलेली दोन-चार दारे तेवढी तिला ओलांडू द्यावीत.